हाक एकदाच मारायची

"मॅडम, तुम्ही त्याला बोलावताय का हाकलताय?"

शेवंतीच्या सऱ्यांमधून हा आवाज आला, तेव्हा मी बांधावर उभी राहून "कांद्याऽऽ" म्हणून ओरडत होते. सतराव्यांदा. सतराव्यांदा हे नक्की, कारण मी मोजते. कुरकुंभच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये माझं कामच ते आहे — मोजायचं, वहीत लिहायचं, खाली सही ठोकायची. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

श्रावणाची भुरभुर चालू होती. चप्पल चिखलात, ओढणी बोरीच्या काट्यात, आणि ज्याच्यापायी हे सगळं, तो कांद्या दोन सऱ्यांच्या मध्ये चारही पाय आभाळाकडे करून मजेत लोळत होता.

"बोलावतेय," मी म्हटलं. "दिसत नाही का?"

"दिसतंय. म्हणूनच इचारलं." तो उभा राहिला. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, मुठीत खुडलेले शेंडे. "आवाजावरनं वाटलं, कुत्र्यानं तुमचं काय तरी खाल्लंय."

"खाल्लंय. एक चप्पल, आत्याची दोन अंडी आणि माझी अब्रू."

तो हसला. खोळीच्या काठावरून एक थेंब निघाला, त्याच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला... आणि त्यानं तो पुसला नाही. ही गोष्ट मी का लक्षात ठेवली, याची नोंद त्या दिवशी केली नव्हती.

मग तो आमच्याकडे पाठ करून उकिडवा बसला आणि कुणाला काही न म्हणता खिशातली भाकरी मोडून खाऊ लागला. अर्ध्या मिनिटात कांद्या त्याच्या कोपराशी हजर. त्यानं एक तुकडा दिला, गळ्याखाली खाजवलं आणि मान वळवून मला विचारलं, "नाव काय?"

"कांद्या."

"त्याचं न्हाई वो. ते तुम्ही सतरा बार सांगितलंत."

त्यानंही मोजलं होतं.

"समृद्धी," मी म्हटलं, आणि विनाकारण ओढणी नीट केली. ती काट्यात होती. फाटली.

त्याचं नाव गोकुळ. खुटबावला आत्याच्या रानाला लागून त्यांची दीड एकर शेवंती. मी मूळची शिरूरची. पण कंपनीची बस फाट्यावर येते म्हणून वर्षभर सिंधूआत्याकडे राहत होते. कांद्या आत्याच्या कांद्याच्या चाळीत सापडलेलं पिल्लू. रंगही तसाच, म्हणून नाव. लाडात वाढला आणि दीड वर्षाचा होईपर्यंत कुणाच्या बापाचं ऐकेनासा झाला. त्याच आठवड्यात तो फाट्यावर एका मोटरसायकलच्या मागे लागला आणि दूधवाला किटल्यांसकट रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत गेला. आत्यानं निकाल दिला.

"दसऱ्यापातुर हाकेला यायला शिकला तर ठीक. न्हाईतर बाळासो येतोय पिकअप घिऊन. त्याच्या पोल्ट्रीवर बांधून टाकू."

बाळासोमामाची पोल्ट्री मी पाहिलेली आहे. शिरूरच्या अलीकडे, माळावर. तिथल्या कुत्र्याची साखळी सहा फूट आहे आणि त्याच्या भोवतीची जमीन बरोबर सहा फुटांच्या गोलात घासली गेली आहे. कांद्या त्या गोलात फिरतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं की मी ताटातली भाकरी उचलून त्यालाच घालत असे.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतःच बांधावर गेले. लॅबची एक कोरी वही घेऊन. तारीख, अंतर, हाका, आला/नाही आला, शेरा — असे रकाने आखून.

गोकुळनं वही उलटसुलट पाहिली. "कुत्र्याची परीक्षा हाय का बोर्डाची?"

"तुम्हाला शिकवता येतं की नाही तेवढं सांगा."

"मला सोपानरावांनी शिकिवलंय." सोपानराव म्हणजे दरवर्षी त्यांच्या रानात मेंढरं बसवायला येणारे मेंढपाळ. "पहिलं सांगा, तुम्ही कांद्या म्हणून कवा कवा हाक मारता?"

मी आठवून सांगितलं. आंघोळ घालायची असली की. साखळीला बांधायचं असलं की. अंडं फुटलं की.

"आन् तो आला की?"

"...झाडू."

"मग त्यानं यावं कशाला? मी तर पळून ग्येलो असतो तालुक्याबाहेर." त्यानं कांद्याकडे बघून सहानुभूतीनं मान हलवली. "त्याचं नाव नासवलंय तुम्ही लोकांनी. आता नवी हाक पायजे. आजवर कुणी रागानं मारलेली नसंल अशी."

ती हाक म्हणजे "हुईऽऽ". खालून वर जाणारी, मेंढपाळांसारखी. ती त्यानं दिली तेव्हा पलीकडच्या उसापर्यंत गेली. मी दिली तेव्हा माझ्या हनुवटीपर्यंत.

"लॅबमधी थेंबथेंब मोजता, तसं नका करू. मोकळं सोडा."

"लोक बघतील."

"लोकांना कुठं बोलावताय?"

तर असं सुरू झालं. पहिली शिफ्ट सुटली की साडेचारला मी बांधावर. आधी पाच पावलांवरून हाक, मग दहा, मग वीस. आला की लगेच भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा आणि मानेखाली खाजवणं. बांधायचं असेल तर हाक मारायची नाही, स्वतः चालत जायचं. आणि गोकुळचा सगळ्यात कडक नियम असा, की हाक एकदाच मारायची.

"दुसऱ्यांदा मारली की पहिलीची किंमत गेली," तो म्हणायचा. "त्याला वाटतं, अजून धा येतील, सावकाश जाऊ. एकदा मारायची आन् गप उभं ऱ्हायचं. अवघड तेच हाय."

भाद्रपद लागेपर्यंत माझी "हुईऽऽ" विहिरीच्या पुढे जायला लागली होती. वहीत दहापैकी सात, मग आठ, एकदा नऊ. गोकुळ कामाच्या निमित्तानं त्याच बाजूच्या सऱ्या खुरपत असे. त्या बाजूला एवढं तण कुठून यायचं, हे मी विचारलं नाही. मीही डब्यात दोन माणसांपुरत्या शेंगदाण्याच्या वड्या का आणायचे, हे त्यानं विचारलं नाही.

एकदा आम्ही असेच बसलो असताना आईचा फोन आला. "ये गं रविवारी, किती दिवस झाले." मी शिफ्ट आहे म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

"रविवारी तुम्हाला सुट्टी असती," गोकुळ म्हणाला. मोजणारा माणूस, त्याचं हेच वाईट.

"मागच्या चार वेळा गेले, चारही वेळा बैठकीत कुणीतरी बसलेलं होतं. मुलगा, त्याचे आई-वडील आणि त्यांचा मध्यस्थ. पोहे नेऊन द्यायचे, उंची सांगायची."

तो खुरपं पुसता पुसता हळूच म्हणाला, "म्हंजी तुमची पण हाक नासवलीय की."

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्यावर ते वाक्य पुन्हा आठवलं, आणि हसू आलं नाही.

मग मी एक चूक केली. लॅबमध्ये दिवसभर एका सॅम्पलचे आकडे जुळत नव्हते, साहेबांनी तीनदा ऐकवलं होतं. संध्याकाळी कांद्या हाकेनंतर पाच मिनिटांनी आला, तोंडाला कोंबडीचं पीस. मी त्याला एक ठेवून दिली. जोरात.

दुसऱ्या दिवशी दहापैकी दोन. तिसऱ्या दिवशी एक.

गोकुळला सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. वहीतला तो रकाना कोराच ठेवला होता, आणि कोरा रकाना म्हणजे आमच्यात गुन्हा. शेवटी सांगितलं. मान खाली घालून, साहेबांपुढे उभं राहतात तशी.

तो रागावला नाही. खिशातून कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"हे कशाला?"

"उशिरा आला म्हणून मारलंत, तिथं चुकलं. उशिरा का हुईना, आला हुता ना तो? आलेल्याला कवाच रागवायचं न्हाई." मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही पण आलात की सांगायला."

मी गूळ खाल्ला. अर्धा विरघळल्यावर लक्षात आलं की या बांधावर दोघांचं शिक्षण चाललंय. आणि त्यातला एकच बोंबील खातोय.

पुन्हा पाच पावलांपासून सुरुवात केली. तीन आठवडे गेले त्या एका चापटीपायी.

घटस्थापनेला आत्यानं घरातून बोंबील हद्दपार केले, म्हणून तो स्टीलचा डबा गोकुळच्या मोटरपंपाच्या खोलीत गेला. त्याच संध्याकाळी मी डबा घ्यायला गेले. शेवंती फुलली होती, तोड चालू होती, हवेत तो कडसर, ओला वास. त्यानं डबा पुढे केला, पण सोडला नाही. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.

"समृद्धी," तो म्हणाला. मॅडम नाही. पहिल्यांदाच. "हितंच ऱ्हावा. म्हंजी... आत्याकडं न्हाई. माझ्याकडं. मला तुम्ही लई आवडता."

मला काय झालं कुणास ठाऊक. कुणी बोलावलं की पुढे बैठक, पोहे आणि उंची असते, एवढंच मला माहीत. आत्यानं आरतीला हाक मारली आणि मी डबा सोडून चक्क पळाले. अगदी कांद्यासारखी.

त्यानंतर त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. रोज डबा द्यायचा, रोज "आज किती?" विचारायचा, मी "नऊ" म्हणायचे, "झ्याक" म्हणायचा. संपलं. चौथ्या दिवशी मला राग आला. सहाव्या दिवशी वाटलं, आवडता बिवडता सगळं बोलण्यापुरतं होतं. मनात असतं तर पुन्हा विचारलं नसतं का? आठव्या दिवशी मी आईला फोनवर म्हटलं, येते दसऱ्याला.

नवमीला सकाळी बाळासोमामा पिकअप घेऊन आला. दोघांना न्यायला. कांद्याला पोल्ट्रीवर आणि मला घरी. दसऱ्याला नगरहून कुणी येणार होते.

"हां, दाव बाई तुझं शिक्षाण," आत्या पायरीवर येऊन म्हणाली. मामानं हातात साखळी धरलेली.

कांद्या रस्त्याच्या कडेला हुंगत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वळणावरून सोपानरावांची मेंढरं आली. दीड-दोनशे. धुरळा, घंटा आणि बें बें. कांद्याचे कान ताठ झाले आणि तो तीरासारखा सुटला. पलीकडून फुलांचा एक टेम्पो येत होता.

"हुईऽऽ!"

एकदाच. आणि सगळी मोकळी सोडलेली.

तो थांबला. रस्त्याच्या अलीकडे, मेंढरांकडे तोंड करून. एक कान त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

"आगं मार की अजून हाक!" आत्या ओरडली.

मी ओठ दाबून धरले. ते काही क्षण... काय सांगू. घशाशी दुसरी हाक येऊन धडका देत होती. जीव एवढा ओढला जात असताना गप्प उभं राहायचं, कारण एकदा मनापासून मारलेली हाक पुरेशी आहे असं मानायचं. आणि तिथे, त्या धुरळ्यात, मला गोकुळचे नऊ दिवस कळले. एकेक करून.

कांद्या वळला. आधी चालत, मग पळत, मग कान उडवत आला आणि माझ्या पायावर आदळला. मी ओढणीच्या टोकाला बांधलेला तुकडा सोडून त्याला दिला. टेम्पो निघून गेला.

मेंढरांमागून आलेले सोपानराव काठी टेकून उभे राहिले. "दुसरी मारली न्हाई, बेस केलं," म्हणाले आणि पुढे गेले.

आत्यानं मामाच्या हातातून साखळी काढून घेतली. "ऱ्हाऊ दे, बाळासो. हितंच बरा हाय त्यो."

"बरं, मग तू तरी बस गाडीत," मामा मला म्हणाला.

"दहा मिनिटं, मामा."

मी बांध ओलांडला. कांद्या मागोमाग. गोकुळ क्रेट रचत होता. सगळं त्यानं पाहिलं असणार, पण क्रेटकडेच बघत होता.

"मामा न्यायला आलाय," मी म्हटलं.

"दिसतंय."

"हाक एकदाच मारायची, म्हणाला होतात."

"व्हय."

"आणि समोरचा उशिरा आला तर?"

त्यानं हातातला क्रेट खाली ठेवला. "तर रागवायचं न्हाई."

"आणि?"

"आन्... लगीच काय तरी द्यायचं."

त्यानं खिसा चाचपला. मग दुसरा. मग घाईघाईनं स्टीलचा डबा काढून उघडला. बोंबील. आम्ही दोघांनी डब्यात पाहिलं. कांद्या मध्ये येऊन शहाण्यासारखा बसला, कारण त्याच्या मते हे बोलणं त्याच्याबद्दल चाललं होतं.

"हे नको," मी म्हटलं. "ते घटस्थापनेला जे दिलं होतं... ते शिल्लक आहे का अजून?"

"हाय की." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "जागचं हाललं न्हाई ते."

मी काखेतली वही उघडली. तारीख लिहिली. अंतर: एक बांध. हाका: एक. मग पेन त्याच्यापुढे धरलं. त्यानं बोटं शर्टाला पुसली, "आला/नाही आला" हा रकाना दोनदा वाचला आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं — आली.

तिकडे मामा हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. सहा झाले, सात झाले, आठ... कांद्यानं मानसुद्धा वळवली नाही. मीही नाही.

पिकअप शिरूरला रिकामाच गेला. आईकडे मी दिवाळीत जाणार आहे, कुणी न बोलावता, आणि दोन माणसांचं तिकीट काढून. वही सोबत नेणार होते, पण गोकुळ नको म्हणतोय. त्या पानाला अजून बोंबलाचा वास येतो.