अनाम हात

पुण्यात पाषाणच्या टेकडीखाली असलेल्या ‘प्रकाशसंवेद’ प्रयोगशाळेत जयवंत नाटेकर आले, तेव्हा डॉ. शर्मिष्ठा चितारीने स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. या माणसाशी हसून बोलायची तयारी ती कित्येक दिवस करत होती.

नाटेकर सावंतवाडीचे. लाकडी फळं, भाज्या, खेळणी विकणारं त्यांचं ‘रंगकाष्ठ’ हे ऑनलाइन दुकान जगभर माहीत होतं. त्यातला सगळ्यात महाग माल म्हणजे ‘जयवंत नाटेकर यांच्या हातचा’ अशी पट्टी लावलेली फळं. अलीकडे मात्र कुठल्याशा कारखान्यात यंत्राने रंगवलेले आंबे-काजू हुबेहूब त्यांच्याच पट्टीसह विकले जाऊ लागले होते.

“तुमचं सध्याचं लेबल-अ‍ॅप साधं आहे,” प्रयोगशाळेचा प्रमुख कौस्तुभ लेले त्यांना म्हणाला. “आंबा, मध्यम आकार, किंमत, एवढंच त्या बारकोडात असतं. सगळ्या आंब्यांना एकच कोड. तो कुणीही छापू शकतो.”

“आणि तुमच्या अ‍ॅपात?”

“ते शर्मिष्ठाच सांगेल. करमुद्रा हे अ‍ॅप तिचंच आहे.”

शर्मिष्ठाने मोबाइलला एक छोटं तिरकस-भिंग लावलं आणि टेबलावरचा लाकडी पेरू त्याखाली धरला. “माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. सेकंदाला आठ-दहा वेळा तो बारीकसा कापतो. आपल्याला कळतही नाही. पण ब्रश फिरवताना तो कंप रंगाच्या थरात उमटतो आणि रंग वाळला की तसाच राहतो. तिरप्या प्रकाशात या लाटा वाचता येतात. प्रत्येक हाताची लय वेगळी. तिला आम्ही हस्तलय म्हणतो. अ‍ॅप ही लय वाचतं आणि तिच्यापासूनच त्या एका वस्तूचा कोड बनवतं. थर किती जुना आहे हेही साधारण सांगतं. गिऱ्हाइकाने मोबाइल धरला की वस्तू आणि पट्टी जुळते की नाही ते त्याला तिथल्या तिथे दिसतं.”

“यंत्राने रंगवलं तर?”

“यंत्राच्या हाताला लय नसते.”

नाटेकर खूश झाले. त्यांनी एकच अट घातली. एकदा हाताला नाव जोडलं की ते कुणालाही बदलता येता कामा नये, नाहीतर नकली मालवाले उद्या तेच नाव दुसऱ्या हाताला लावतील. शर्मिष्ठाने मान डोलावली. ही सोय तिने आधीच करून ठेवली होती. नोंदीची प्रत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जात होती, त्यामुळे ती पुसणं खुद्द शर्मिष्ठालाही शक्य नव्हतं. गोदामातला सगळा जुना मालही नव्याने वाचून घ्यायचा, हे कलम तिनेच करारात घातलं होतं. जुन्या मालाला आपलंच नाव आपोआप लागेल असं धरून नाटेकरांनी त्याबद्दल काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

मग तिने त्यांच्यासमोर रंग आणि ब्रश ठेवले. नाटेकरांनी एक आंबा रंगवला, अ‍ॅपने त्यांचा हात वाचला आणि त्याला त्यांचं नाव जोडलं.

निघताना ते दारात थबकले. “तुम्ही आत्माराम चितारींची मुलगी ना?”

“हो.”

त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि ते गेले.

शर्मिष्ठा शाळेत होती तेव्हाची गोष्ट. आत्माराम चितारींच्या लाकडी फळांना राज्याचा पुरस्कार मिळाला होता. त्यांनी रंगवलेल्या फणसाचे काटे बोटाला टोचतील असं वाटे. पुढच्याच वर्षी, भर प्रदर्शनात, नाटेकर उठून म्हणाले होते, “ही फळं आत्मारामच्या हातची नाहीत. असतील तर इथे बसून एक रंगवून दाखवू दे.” लोकांनी बाबांना बसवलं. बाबांनी ब्रश उचलला आणि त्यांचा हात असा कापू लागला की आंब्यावर नुसते ओघळ उतरले. मागे कुणीतरी हसलं. घरी आल्यावर बाबांनी लाकूड कातायच्या यंत्रावरचा पट्टा उतरवून ठेवला, तो पुन्हा चढवला नाही. ते कुणात मिसळेनासे झाले आणि तसेच, घरातल्या घरात विझून गेले.

भरल्या मंडपात अपमान केला की कुणाचाही हात कापेल, असं शर्मिष्ठाला वाटे. पदार्थविज्ञान शिकायला पुण्याला आली तेव्हापासून तिच्या डोक्यात तो कापणारा हात होता. हात काय सांगतो ते वाचणारं यंत्र आपण बनवायचं आणि ते पहिल्यांदा नाटेकरांवर चालवायचं, हे तिने केव्हाच ठरवलं होतं.

‘रंगकाष्ठ’ने जुनं अ‍ॅप सोडून करमुद्रा घेतलं. गोदामात पट्ट्या छापल्या जाऊ लागल्या आणि पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. ‘जयवंत नाटेकर यांच्या हातचा’ म्हणून घेतलेल्या आंब्यावर मोबाइल धरला की पडद्यावर येई, ‘अनाम हात’. काजूवर आणखी वेगळा अनाम हात. नाटेकरांचं नाव असलेला असा एकच आंबा साऱ्या जगात होता, प्रयोगशाळेत रंगवलेला. बाकी सगळा माल निरनिराळ्या कारागिरांकडून करून घेऊन त्यांनी वर आपलं नाव लावलेलं होतं.

परदेशातल्या दुकानांनी माल परत पाठवला. कारागीर संघाने नाटेकरांना अध्यक्षपदावरून काढलं. सावंतवाडीच्या बाजारात पोरं त्यांना ‘अनाम’ म्हणू लागली आहेत, असं शर्मिष्ठाला कळलं, तेव्हा तिने प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे वाटले.

“पेढे कसले?” कौस्तुभने विचारलं.

“अ‍ॅप चाललं त्याचे.”

“त्यांना गोदामाचं आधी सांगायला हवं होतंस.”

“त्यांनी माझ्या बाबांना आधी सांगितलं होतं?” ती म्हणाली आणि पेढ्याचा दुसरा तुकडा तोंडात टाकला.

त्या दुपारी नाटेकरांचा फोन आला. ते रडले नाहीत, भांडलेही नाहीत. “मी लोकांचा माल माझ्या नावाने विकला, हे खरं आहे,” ते म्हणाले. “त्याची शिक्षा मला मिळाली. पण त्या दिवशी प्रदर्शनात मी खोटं बोललो नव्हतो. तुमचं यंत्र एवढं खरं बोलतं ना, मग त्यालाच विचारा.”

“विचारतेच,” शर्मिष्ठा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आता बाबांचं नाव साऱ्या जगासमोर पुन्हा उभं करायचं, एवढंच उरलं होतं. ज्या तोंडाने नाटेकर ते बोलले, ते तोंड पुरतं बंद करायचं होतं. पुरस्कार मिळालेली फळं कोल्हापूरच्या एका संग्राहकाकडे होती, ती तिने मागवून घेतली. मृत कारागिरांच्या नावाची नोंद वारसाला करता यावी, अशी सवलत तिने करमुद्रात ठेवली होती. ती ठेवताना तिच्या मनात एकच मृत कारागीर होता.

फणस, पेरू, केळ्यांची फणी. एकामागून एक फळ तिने भिंगाखाली धरलं. सगळ्यांची हस्तलय एकच निघाली, संथ आणि एकसारखी. शर्मिष्ठाचे डोळे भरून आले. तिने ‘आत्माराम चितारी’ हे नाव टाकलं आणि नोंद कायम केली.

त्याबरोबर त्या हाताच्या वस्तूंची यादी पडद्यावर उघडली आणि ती संपेचना. ‘रंगकाष्ठ’च्या गोदामातले शेकडो आंबे, फणस, रामफळं. कालपर्यंत अनाम असलेल्या त्या सगळ्या वस्तूंवर आता बाबांचं नाव आलं होतं.

“बघ,” ती कौस्तुभला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “चोर. बाबांची जुनी फळं स्वतःच्या नावाने विकत होता. आता याला तुरुंगातच घालते.”

कौस्तुभने यादी खाली-वर केली. मग म्हणाला, “थरांचं वय बघ.”

बहुतेक फळं गेल्या दोन-तीन वर्षांतली होती. एका रामफळाचा रंग तर महिन्यापूर्वीच वाळला होता. बाबांना जाऊन तप उलटून गेलं होतं.

“अ‍ॅप चुकलं असेल,” शर्मिष्ठा म्हणाली.

“तूच शिकवलंस मला, दोन हातांची लय एक निघत नाही.” कौस्तुभ हळू आवाजात बोलत होता. “पुरस्काराची फळं ज्याने रंगवली, तो माणूस अजून जिवंत आहे, शर्मिष्ठा. आणि गेल्या महिन्यात तो काम करत होता.”

सावंतवाडीला ती पोचली तेव्हा आई मागच्या पडवीत बसली होती. पुढ्यात लाखेचा वास येणारं कोरं लाकडी डाळिंब होतं आणि हातात ब्रश. लहानपणापासून शर्मिष्ठाने तिला असंच पाहिलं होतं. आई खालचं अस्तर लावते आणि बाबा वरचा रंग देतात, असं घरात सांगितलं जाई. बाबा गेल्यावर ती दुसऱ्या कारागिरांच्या मालाला अस्तर लावते, असंच शर्मिष्ठा समजत होती. बाबा रंग देताना त्या खोलीत कुणी जायचं नसे. आई आत काय करत होती, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

“आये, बाबांची फळां कोण रंगवायचा?”

आईने ब्रश थांबवला नाही. “तुझ्या यंत्रान सांगल्यान मां?”

“तू सांग.”

“मी. लगीन होऊन इलंय तेव्हापासून. तो लाकूड बरां कातायचो, तां खोटां नाय. पण तेका रंगवूक येयच नाय होता. पुरस्कार घेवक तो गेलो, तेव्हा थंयसर काय बोललो म्हायती आसा? म्हणालो, बायको अस्तर लावता आणि वेळेर जेवण वाढता.” तिने ब्रश पाण्यात बुडवला. “तेच दिवशी ठरवलंय. मगे नाटेकराक मीच सांगलंय, ह्याका सगळ्यांसमोर बसव आणि रंगवूक लाय.”

शर्मिष्ठा पडवीच्या कट्ट्यावर बसली. ज्या माणसावर तिने आयुष्यभर दात धरला, तो फक्त निरोप घेऊन गेला होता. सूड आधीच कुणीतरी घेऊन टाकला होता आणि तो तिच्या बाबांवर होता.

“आणि मगे नाटेकराकच माल दिलंस?”

“पोटाक होया होता. आणि तो तोंडार म्हणालो, तुझां नाव घालूचंय नाय, माझां घालतलंय. तोय चोरच. पण सांगून चोरी करणारो.” आई पहिल्यांदा हसली. “तेका तू बरो नागडो केलंस. माका आवाडला. आता माझां नाव घाल तुझ्या यंत्रात.”

शर्मिष्ठा कट्ट्यावरून उठून आईजवळ येऊन बसली. मग तिने सगळं सांगितलं. त्या हाताला तिने बाबांचं नाव दिलं होतं. आईने रंगवलेल्या प्रत्येक फळावर, जगात कुठेही, आता आत्माराम चितारी असंच दिसणार होतं. नाव बदलता येत नव्हतं. नाटेकरांना निसटता येऊ नये म्हणून तिनेच सगळे दरवाजे बंद केले होते.

आईने डाळिंब हातात फिरवून बघितलं. तिचा चेहरा कठीण झाला होता.

“म्हणजे ह्यो हात आता तेचो,” ती म्हणाली.

“होय.”

“उजवो?”

“होय.”

“आणि डाव्याची लय येगळी आसता?”

शर्मिष्ठाने मान वर केली. “येगळी. अ‍ॅपाक तो दुसरोच हात.”

आईने ब्रश डाव्या हातात घेतला. बोटं आखडलेली होती, ब्रश नीट पकडता येत नव्हता. पहिला फटकारा वाकडा गेला, लाल रंग देठावर चढला आणि खाली ओघळला. तिने तो पुसला नाही. दातओठ खात तिने दुसरा फटकारा ओढला, मग तिसरा.

“तां यंत्र हयसर घेवन ये,” ती म्हणाली, “आणि आधी माझां पुरां नाव लिही. सुमित्रा. फुडे तेचां नाव लावू नको.”