‘नाही’ म्हणायचं नाही

हसू नका. सोंगाड्यांची गोष्ट म्हटली की लोक आधीच हसायला बसतात. पण ही गोष्ट हसण्यासारखी नाही. तो दिवा जरा मोठा करा, अन् ऐका.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी वरवट बकालचा, माझा दोस्त कारभारी धाडचा. खामगावला कॉलेजात एका खोलीत राहायचो. कितीही भांडलो तरी भाकर एका ताटात. आम्ही ‘हजरजबाबी मंडळ’ काढलं होतं. लिहिलेलं नाटक वगैरे काही नाही, लोकांनी विषय द्यायचा अन् आम्ही तिथल्या तिथं सोंग उभं करायचं. कुणी ओरडलं, ‘तलाठ्याची म्हैस’, की कारभारी झालाच म्हैस. नियम एकच होता. समोरचा जे म्हणेल त्याला ‘नाही’ म्हणायचं नाही. ‘हाव’ म्हणायचं अन् पुढं न्यायचं. ‘नाही’ म्हटलं की खेळ तिथंच मरतो. कारभारीच्या अंगात हा नियम इतका मुरला होता की खोलीतसुद्धा त्याच्या तोंडून नकार निघत नसे. आम्ही त्याला त्यावरून लई पिदवायचो.

दुसरबीडला वाचनालय उघडणार होतं, त्याचं आम्हाला बोलावणं आलं. गावात वीज नव्हती, म्हणून खेळ भर दुपारी. शाळेच्या अंगणात बाकं जोडून रंगमंच केलेला. मागं कुणी कपाशीच्या पऱ्हाट्या जाळत होतं, त्याचा धूर डोळ्यांत जात होता. भगवानराव म्हणून गावचे पुढारी होते, त्यांनी हार घातले. गर्दीतून विषय आला: परगावी गेलेला पोरगा घरी आला.

कारभारी पोरगा, मी बाप. असा रंगला होता गडी! बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि एकदम हसणं थांबलं. हळूहळू नाही, एकदम. गर्दीनं वाट करून दिली अन् एक म्हातारी सरळ बाकांपाशी आली. तिनं कारभारीकडं मान वर करून बघितलं.

“गुलाब, तूच ना रे?”

मला वाटलं, म्हातारी खेळात शिरली. कारभारीलाही तेच वाटलं असणार.

“हाव माय,” तो म्हणाला.

“लई वाट बघायला लावलीस.”

“हाव माय. गाडी लेट झाली.”

एरवी याच्यावर टाळी पडली असती. इथं पाचोळा हलला तर ऐकू यावा इतकं शांत. भगवानराव माझ्यामागं येऊन उभे राहिले. त्यांचा श्वास मानेला लागत होता. कानात म्हणाले की ही सोजराबाई. हिचा गुलाब, डाव्या पायानं अधू, गेल्या साली वारला. तेव्हापासून ही दिसेल त्या पोराला हेच विचारते, अन् आख्खं गाव लेकरांना एकच शिकवतं, ‘नाही माय’ म्हणायचं अन् बाजूला व्हायचं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

“त्याला म्हणा, एकदा नाही म्हण...” भगवानराव पुटपुटले. “बस एकदा... लवकर.”

मी कारभारीचा हात धरला. तेवढ्यात म्हातारीनं विचारलं, “घरी येतोस ना?”

“हाव,” कारभारी म्हणाला.

ती हसली. त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, अन् रस्त्याला लागून तिचं घर होतं तिथं एकटीच निघून गेली. जाताना मात्र दोन-तीनदा बाजूला बघून बोलली, सोबत कुणी चालत असल्यासारखी.

मी कारभारीला म्हटलं, चल. तो हाव म्हणाला अन् निघाला, पण डावा पाय ओढत. भगवानरावांनी ते पाहिलं अन् तोंड फिरवलं.

एसटीत मी त्याला विचारत सुटलो. तू कारभारी ना? हाव. तू गुलाब आहेस? हाव. मग रागानं, भीतीनं, मी नको ते विचारलं. तू मेलास का बे? तेही त्याच सुरात, हाव. मी त्याच्या पाया पडलो, म्हटलं एकदा नाही म्हण. तो खिडकीबाहेर बघून हाव म्हणाला. मला रडू कोसळलं.

खामगावला गेलोच नाही. गाड्या बदलत त्याला त्याच्या गावी, धाडला, केसरबाईपाशी म्हणजे त्याच्या मायपाशी नेलं. म्हटलं, मायपुढं तरी येईल ताळ्यावर. केसरबाईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, अन् त्याची हनुवटी धरली.

“कारभारी, कोमेजला काऊन बापा? मले ओळखतं ना?”

त्यानं तिचा हात हळूच बाजूला केला. मग हात जोडून, अगदी अदबीनं म्हणाला, “नाही.”

तिथंच राहिला तो. शेती केली, केसरबाईची चाकरी पोटच्या पोरापेक्षा चांगली केली, पण तिला मावशीच म्हणायचा. ती गेली तेव्हा अग्नी कोण देतं विचारलं, तर बाजूला सरकून उभा राहिला. मी दर सणाला जायचो. तो चहा द्यायचा अन् विचारायचा, पाहुणे, गाव कोणतं? माझा जिवाभावाचा दोस्त हो! त्याचं हसणं पुन्हा म्हणून ऐकलं नाही.

मागच्या वर्षी एका कामाला निघालो होतो. सकाळी धाडला त्याला तुरीत काम करताना पाहून आलो होतो. दुपारी गाडी दुसरबीडला थांबली. कंडक्टर चहाला उतरला. समोरच सोजराबाईचं घर. म्हातारी मरून जमाना झाला, वारस कुणी नाही, दाराला कुलूप, कुलपावर गंज. मी बघत बसलो.

आतून आवाज आला. कारभारीचा. तोच खट्याळ, वीस वर्षांच्या पोराचा आवाज.

“काऊन चूप बसला बे?... लोकं वाट पाहून राह्यले ना.”

‘हाव’ निघू नये म्हणून मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आत कुणीतरी खोकललं. मग खूप माणसं सावरून बसावीत तशी चुळबुळ झाली, अन् सगळं शांत झालं.