उतारा नको, उतार

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते खालून.

ग्रामपंचायतीच्या पायऱ्या जिथं संपतात, तिथं दारात तो उभा होता. हातात चहाचा कप, केसांत कडुलिंबाचा फुलोरा. खाली उन्हात मी, माझी चाकाची खुर्ची आणि माझा दादा, भुजंग. लहानपणीच माझ्या पायांनी संप पुकारला. तो अजून मिटलेला नाही.

"अर्ज द्यायचाय," मी म्हणाले.

"आत या की, ताई."

मी पायऱ्यांकडं पाहिलं. त्यानंही पाहिलं. त्या पायऱ्या आज सकाळीच कुणी आणून ठेवल्या असाव्यात, असा चेहरा करून तो खाली आला आणि शेवटच्या पायरीवर बसला. आमचे डोळे एका उंचीवर आले... हे मला पुढं फार महागात पडलं.

तो राजशेखर. पंचायतीचा नवा कंप्युटर ऑपरेटर, मूळचा देगलूरचा.

आमच्या घरामागून नाला जातो, म्हणून घराचं जोतं दोन फूट उंच. रोज सकाळी दादा मला उचलून खाली आणायचा नि हायस्कूलला सोडायचा. तिथं मी तासिकेवर मराठी शिकवते. आता दादाला हैदराबादला नोकरी लागली होती, दोन एप्रिलला हजर व्हायचं होतं. तो गेला तर मला उचलणार कोण? आईचे गुडघे आईलाच उचलत नाहीत. तो जाईल, ही एक भीती. माझ्यापायी तो जाणारच नाही, ही त्याहून मोठी.

दिव्यांगांसाठी पंचायतीकडं पाच टक्के निधी असतो आणि तो मार्चअखेर खर्च करावा लागतो, एवढं मला कळलं होतं. म्हणून अर्ज : घरास उतार मिळावा.

"रॅम्प लिही ना सरळ," दादा म्हणाला होता.

"मी एम.ए. मराठी आहे," मी म्हणाले होते.

या एका वाक्यानं पुढचा सगळा घोळ केला.

आठवडाभर मी दारातून जाणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलचा आवाज ओळखायला शिकले. शेवटी एक थांबली. राजशेखर. पेढे आणल्यासारखा हसत त्यानं कागद पुढं केला. घर क्रमांक, क्षेत्रफळ, मालकाचं नाव, गोल शिक्का.

"हे काय?"

"तुमच्या घराचा नमुना आठचा उतारा. लवकर काढून दिला बघा."

"मी उतार मागितला होता!"

"हाव, तेच की."

"उ-ता-र. काना नाही. खुर्ची खाली आणायला."

त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "मला वाटलं... तुम्ही काना विसरल्या. दिवसभर लोकं उताराच मागून राहिलेत. म्हणून मी दुरुस्त केला."

एम.ए. मराठीची शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली होती त्यानं. मला रागवायचं होतं; हसूच आलं. मी हसत होते आणि तो उगाचच हेल्मेटचा पट्टा लावत होता. हेल्मेट अजून हातातच होतं.

दुसरा अर्ज मी कारणासकट लिहिला : 'भुजंग दिनांक एकला घर सोडून जाणार असल्याने त्याआधी तातडीने उतार मिळावा.' राजशेखरनं तो अक्षर अन् अक्षर तसाच टाइप केला. या खेपेला ग्रामसेवक साहेबांना वाटलं, पोरगं काना विसरलं. त्यांनी लाल पेनानं दुरुस्त केला. मग त्यांनी वाचलं : भुजंग. तातडीने. उतारा. भला माणूस. त्यांनी अर्ज धावतपळत आरोग्य उपकेंद्राला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मीबाई सिस्टर बॅग घेऊन पळत आल्या.

"कुठं चावला? किती वेळ झाला?"

"कोण?"

"भुजंग!"

तेवढ्यात तोंडात ब्रश घेतलेला भुजंग बाहेर आला. "काय झालं, सिस्टर?"

सिस्टर दचकल्या, आमच्या जोत्यावरून पाय सटकला आणि गुडघा फोडून घेऊन अंगणात बसल्या. बॅगेतला कापूस त्यांनाच लागला. हा गोंधळ ऐकून शेजारच्या नीलाकाकू भात, लिंबू, मिरच्या घेऊन आल्या, माझ्यावरून ओवाळून सगळं तीन रस्त्यांच्या तिकटीवर ठेवून आल्या. त्यांच्या कानावर फक्त 'पोरीला उतारा पाहिजे' एवढंच गेलं होतं.

घराचा, विषाचा आणि भुताचा, असे तिन्ही उतारे मला मिळाले. उतार तेवढा नाही.

संध्याकाळी मात्र हसू आलं नाही. दादा म्हणाला, "अंबे, मी जात न्हाई. कळवून टाकतो त्यांना." आज चहा नको, असं म्हणावं तितक्या साधेपणानं. मला त्याच्याशी भांडायचं होतं.

फाटक वाजलं. राजशेखर. हातात चुन्याची पिशवी.

"एक फूट चढाला बारा फूट उतार लागतो म्हणे," तो अंगणाकडं बघत म्हणाला. "तुमचं जोतं दोन फूट. म्हंजे चोवीस."

"अंगणच बारा फुटाचं आहे."

"म्हणूनच वळवायचा."

तो वाकला आणि चुन्याची रेघ ओढू लागला. फाटकापर्यंत गेली, वळली, परत आली. बोटं पांढरी, नाक पांढरं. दादा भिंतीला टेकून बघत होता.

"इथं खुर्चीला वळायला जागा ठेवू... एवढी पुरंल का बघा की, अंबिका."

आणि मग सगळेच थांबलो. 'ताई' नव्हतं. अंगणात कुठंतरी पडलं असावं... आम्ही दोघांनीही ते शोधलं नाही.

"परवा सभा हाय," तो घाईनं म्हणाला. "साहेब म्हणतेत, मागणीला काहीतरी आधार पाहिजे."

"आधार कुठून आणू मी?"

त्यानं खिशातून कागद काढला. लक्ष्मीबाई सिस्टरचा अहवाल. 'भुजंग हा साप नसून भाऊ असल्याचे आढळले. चाव्याची खूण नाही. तथापि सदर घरास उतार नाही. मी स्वतः पडले. उतार तातडीने बांधावा.' आणि खाली ठळक : 'काना देऊ नये.'

सभा पंचायतीसमोर, कडुलिंबाखाली भरली. राजशेखरनं धोका नको म्हणून 'रॅम्प' असं वाचलं. सरपंच काका दचकले. "रॅम्प? त्या पोरी नटून चालतेत, ते? आपल्या गावात?"

लोक हसले. राजशेखर लाल झाला. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"पोरगी एकच आहे, काका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "आणि ती चालत नाही. तिला फक्त शाळेत जायचंय. आणि तिच्या भावाला नोकरीवर."

कुणी हसलं नाही. सिस्टरनं गुडघ्याचं बँडेज दाखवलं. ठराव मंजूर झाला.

पुढचे दिवस मी सिमेंटकडं बघत काढले. वाळतंय का, तडा गेला का. राजशेखर रोज संध्याकाळी पाणी मारायला येई. घरचा कुणी हे काम करू शकतो, हे कुणालाच सुचलं नाही, आईलासुद्धा नाही.

एक तारखेला दादानं बॅग खांद्यावर घेतली आणि सवयीनं मला उचलायला वाकला. मी त्याच्या बाजूनं निघून गेले. खाली, वळणावर, परत खाली.

"ब्रेक दाब, अंबे, ब्रेक!" तो ओरडला. आवाज फुटला होता. स्टँडवर बस सुटेपर्यंत त्यानं माझ्याकडं पाठ करून तंबाखू मळली. तो तंबाखू खात नाही.

बस गेली. शाळेला अजून वेळ होता. मी खुर्ची पंचायतीकडं वळवली.

वर दारात तो. हातात चहा.

"काय पाहिजे?"

"वर."

त्यानं पायऱ्यांकडं पाहिलं. "वर यायचंय?"

"यायचंय म्हणाले का मी? वर पाहिजे म्हणाले. नीट ऐका. एम.ए. मराठी आहे मी."

कप कलंडला. चहा शर्टावर. त्याला कळलंच नाही.

"अर्ज... लेखी लागंल," तो कसाबसा म्हणाला.

"देईन. पण दुरुस्ती करायची नाही."

"आणि चुकून काना लागलाच तर?"

"वरा? लागू दे. या वेळी अर्थ बदलत नाही."

तो खाली आला. शेवटच्या पायरीवर बसला. डोळे पुन्हा एका उंचीवर... चहाचा, चुन्याचा, कडुलिंबाच्या फुलांचा वास.

"आईच्या सभेपुढं ठेवावा लागंल," तो म्हणाला. "देगलूरला."

मंजूर होणारी सभा आयुष्यात एकदाच मिळते, असं वाटलं. तरी मी विचारलं, कारण माझ्यासारखीला तेच आधी विचारावं लागतं :

"तुमच्या घराला पायरी आहे?"

"होती," तो चुन्यानं पुन्हा पांढऱ्या झालेल्या नखांकडं बघत म्हणाला. "गेल्या रविवारी फोडली."