पंचांच्या हातातली टोपी

ठरलेल्या पंचांचा घसा बसला, म्हणून घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून तो पांढरा कोट चढवून मैदानावर आला... आणि तिसऱ्याच ओव्हरला बॉलिंगला आलेल्या मुलीने डोक्यावरची टोपी काढून त्याच्या हातात दिली. बॉलिंग करताना टोपी पंचाकडे ठेवायची, हा खेळातला जुना रिवाज.

“नीट धरा हं,” ती म्हणाली. “आत अर्धं डोकं राहिलंय.”

“उरलेल्या अर्ध्याने टाका बॉल,” तो बोलून गेला, आणि लगेच गंभीर झाला.

टीम तिला फिरकी म्हणायची. उगाच नाही. तिचा बॉल पडायचा, वळायचा, बॅटवाली कशी चुकली ते क्षणभर थांबून बघायचा आणि मग निवांत स्टंपवर जायचा. खोटं सांगत असेन तर माझे उरलेले दोन दात आत्ता पडोत!

पुढचं मात्र दात पणाला न लावताही खरं आहे.

त्यानंतर तो मैदानावर असला की टोपी त्याच्याच हातात. ओव्हर संपली की तो परत द्यायचा – घामाने ओली, आतली केसांची पिन जागच्या जागी. बोटाला बोट लागायचं. दोघंही भलतीकडे बघायची.

“पंच, तुम्ही कधी हसता का हो?”

“चहाच्या सुट्टीत.”

“मग चहाला या की!”

तो आला. येत राहिला. देशाच्या संघात निवड होऊन तिला देशाची टोपी मिळाली तेव्हा ती आधी त्याच्या दुकानात आली, आणि उघड्या घड्याळांच्या मधोमध तिने ती टोपी ठेवली.

मग तिचा गुडघा गेला. बरा झाला तरी निवड समितीने त्याचंच निमित्त करून तिला घरी बसवलं. परदेशातल्या मावशीने बोलावून घेतलं – तिथे राहा, तिथून खेळ.

“जाऊ?” दुकानात येऊन तिने विचारलं. टोपी काउंटरवर होती. “तुम्ही एकदा थांब म्हणालात, तर...”

सगळी घड्याळं टिकटिकत होती. हिच्या हातातला खेळ अडवणारा मी कोण, असं त्याला वाटलं. त्याने टोपी उचलली आणि नेहमीसारखी तिच्या हातात दिली.

ती गेली.

काही वर्षांनी आली ती दुसऱ्या देशाकडून, त्याच मैदानावर. तोवर तोही मोठ्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहू लागला होता. ज्या लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, तेच आता ‘परत जा’ म्हणून ओरडत होते. तिने नव्या रंगाची टोपी पुढे केली.

“धराल?”

“धरतो.”

तिचा तो शेवटचा सामना. तिचीच ओव्हर, जुन्या देशाची शेवटची जोडी, हव्यात दोन धावा. बॉल पॅडवर आदळला. ती गर्रकन वळली, आउट मागत, थेट त्याच्या डोळ्यांत बघत.

त्याने मान हलवली. नाही.

पुढच्याच बॉलला चौकार गेला. ती हरली.

मैदान रिकामं झाल्यावर ती दमलेल्या गुडघ्याने लंगडत त्याच्याजवळ आली. “आधी बॅटला लागला होता ना?”

“हो. पुसटसा.”

“मलाही आवाज आला होता.”

“मग अपील कशाला केलंत?”

“बघत होते... माझ्यासाठी तरी नियम मोडताय का.” ती हसली. “मोडला असता ना, तर टोपी न घेताच गेले असते. द्या आता. बस थांबलीय.”

तिने टोपी धरली. त्याने सोडली नाही.

“पंच... सोडा.”

“नाही.”

“खेळ संपला. टोपी परत द्यायची असते.”

“तो रिवाज आहे,” तो घसा खाकरून म्हणाला. “नियमात कुठेही नाही. मागच्या वेळी परत दिली, तिथेच चुकलो.”

“मग?”

“थांब.”

बाहेर बसवाल्याने हॉर्न दिला. मग आणखी एकदा, जरा वैतागून. टोपीच्या एका कडेला तिचा हात होता, दुसऱ्या कडेला त्याचा... आणि सोडायची घाई दोघांनाही नव्हती.