आठ मिनिटांचा फोटो

शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर नात ट्रायपॉड मागायला आली. बरोबर तिचा एक मित्र होता, ताडमाड उंच आणि सदा हसरा. सगळे त्याला जिराफ म्हणतात. माझा ट्रायपॉड जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलेला असतो. चार वर्षांत तो कोणी मागितला नव्हता, आणि मागितला असता तर मी दिला असता की नाही, कोण जाणे.

"आजोबा, उद्या रात्री आम्ही तारे टिपायला जाणार," नात म्हणाली. "घाट उतरल्यावर ते एकटं झाड आहे ना, रस्त्याच्या कडेला..."

"वळणाजवळचं?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

मी स्टुलावर चढलो होतो, तो खाली उतरलो. "वळणावर कोण उभं राहणार?"

"मी!" जिराफाने हात वर केला. "लाल टॉर्च घेऊन. गाडी आली की हलवायची. सगळ्यात सोपं काम मला दिलंय, बघा. माझी लायकी ओळखून."

"बसा दोघंही," मी म्हणालो. "आधी एक ऐका. मग ट्रायपॉड न्या."

"भुताची गोष्ट?" जिराफ खूश झाला.

"ते तुम्ही ठरवा. मला कधी काही नीट ठरवता आलं नाही. पण खरी आहे. माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेली."

ओळखीचा हा माणूस निवृत्त प्राध्यापक. पदार्थविज्ञान शिकवायचा. निवृत्तीनंतर घरात बसून बसून त्याला धास्ती वाटायला लागली, म्हणून तो रात्रीच्या फोटोग्राफीच्या क्लासला गेला. क्लास घेणारे गृहस्थ स्टुडिओवाले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. विद्यार्थी मोजून दोन. दुसरी एक नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणायचे. वय पस्तिशीचं. वर्षानुवर्षं रात्रपाळी करून तिची झोप उडाली होती. सुटीच्या रात्रीही डोळा लागायचा नाही, मग कॅमेरा घेतला.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "एक सर, एक मास्तर, आणि शिकणारी मी एकटी! माझं काही खरं नाही."

मास्तर शिकवायचे छान. म्हणायचे, अंधारात कॅमेऱ्याला घाई नसते. शटर आठ मिनिटं उघडं ठेवा, तो सावकाश सगळं गोळा करतो. तारे सरकतात, त्यांच्या रेघा होतात. मधून माणूस चालत गेला तर तो फोटोत उमटतच नाही, पण हातात दिवा असेल तर दिव्याची रेघ मात्र उमटते. माणूस नाही, दिवा उरतो. म्हणून त्यांचे तीन नियम होते. काळे कपडे घालायचे. फालतू दिवा लावायचा नाही. आणि मास्तरांनी 'झालं' म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

तर ती रात्र. चार वर्षांपूर्वीची, नोव्हेंबरातली अमावास्या. शनिवार उलटून रविवार लागला होता. मास्तरांनी रस्त्याकडेच्या मोरीवर ट्रायपॉड लावला. समोर झाड, डाव्या टोकाला वळण. सिस्टरने रस्त्याच्या मधोमध उभं राहून झाडावर हळूहळू उजेड फिरवायचा, मग टॉर्च बंद करून अंधारात तशीच थांबायची. आणि वळणावर प्राध्यापक, लाल टॉर्च घेऊन. वरून उतरणारी गाडी सिस्टरला दिसणं शक्य नव्हतं, मध्ये दरड होती. प्राध्यापकाला मात्र ती लांबूनच दिसायची. चाळीस सेकंद आधी. त्याने मोजून पाहिलं होतं.

"म्हणजे जिराफाचं काम," नात म्हणाली.

"हो. सगळ्यात सोपं काम."

पहिला फोटो सुरू झाला. सहाव्या मिनिटाला वर दिवे दिसले. प्राध्यापकाने लगेच लाल टॉर्च हलवली. आणि ती गाडी काय, अलीकडच्या फाट्यावरून आत वळली, शेताकडे. वळणापर्यंत आलीच नाही. फोटोत मात्र लाल फराटा उमटला. मास्तर चिडले. "सर, प्रत्येक काजव्याला सलामी द्यायची नसते!" सिस्टर खो खो हसली. "राहू द्या हो मास्तर. सरांच्या लाल दिव्याने माझं झाड लाजलं, एवढंच."

प्राध्यापकही हसला. पण ते त्याला लागलं. विद्वान माणसाला चूक फार लागते रे. ती दुसऱ्याच्या लक्षात आली, तर अधिकच.

दुसरा फोटो. एक वाजून चाळीस मिनिटांनी मास्तर ओरडले, "सुरू!" सिस्टरने झाडावर उजेड फिरवला. फांद्या, खोड, मुळं. पाचव्या मिनिटाला तिची टॉर्च विझली. मग नुसता अंधार. कुठे कुत्रंही भुंकत नव्हतं.

सहा मिनिटं पन्नास सेकंद.

वर दिवे दिसले.

प्राध्यापकाचा अंगठा बटणावर होता. त्याने घड्याळ पाहिलं. एक मिनिट दहा सेकंद उरले होते. तो मनात म्हणाला, फाट्यावर वळेल. मघाचीही वळली होती. पुन्हा फोटो घालवला तर मास्तर काय म्हणतील? जरा बघू... वळेल...

ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं. आवाज नव्हता. फक्त दिवे.

वळेल...

फाटा मागे पडला.

आणि तरीही अंगठा... 

मी थांबलो. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. जिराफाने मांडी बदलली.

"तिला उजेड दिसला असेल ना?" नातीने हळूच विचारलं.

"दरडीवर थोडा पडला असेल. पण मास्तरांनी 'झालं' म्हटलं नव्हतं."

...

भाजीचा टेम्पो होता. सिस्टर जागीच गेली. ड्रायव्हर तरुण. तो रस्त्यावर बसून सारखं एकच म्हणत होता, कोणी थांबवलं नाही, कोणी दिवा दाखवला नाही. पोलिसांनी प्राध्यापकाला विचारलं, "तुम्ही टॉर्च हलवली होती?"

तो म्हणाला, "हो. हलवली. हा थांबला नाही."

झालं. निवृत्त प्राध्यापक खोटं कशाला बोलेल? ड्रायव्हरचं कोणी ऐकलं नाही. दीड वर्ष आत काढलं त्याने. लायसन गेलं ते गेलंच.

पण एक साक्षीदार होता. कॅमेरा. त्याने आठही मिनिटं पूर्ण केली होती. त्याच रात्री मास्तरांनी मागच्या पडद्यावर फोटो पाहिला. झाड होतं. वळणावरून आलेले टेम्पोच्या दिव्यांचे दोन पांढरे पट्टे होते, झाडापाशी वेडेवाकडे होऊन तुटलेले. सिस्टर कुठेच नव्हती. काळे कपडे, क्षणभराचा उजेड... आणि वळणाच्या टोकाला नुसता काळोख. लाल ठिपकासुद्धा नाही.

मास्तरांनी एकदा प्राध्यापकाकडे पाहिलं. कॅमेरा बंद केला. कोणाला काही सांगितलं नाही. जागा त्यांनी निवडली होती, नियमही त्यांचेच. दोघांनी मिळून गप्प राहायचं असं कधी ठरलं नाही. ते आपोआप झालं.

तीन वर्षांनी मास्तर आजारी पडले, ते उठलेच नाहीत. जाण्याआधी त्यांनी प्राध्यापकाला बोलावून कॅमेऱ्याचं कार्ड हातात ठेवलं. म्हणाले, "ज्याचं आहे त्याला दे. मला जमलं नाही."

प्राध्यापकाने रात्री तो फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. कोपरान् कोपरा. वळण काळंच होतं. सकाळी त्याने प्रिंट काढायला दिली, संध्याकाळी पाकीट घेतलं आणि ते न उघडताच ड्रायव्हरचा पत्ता शोधत गेला. ड्रायव्हर आता पंक्चर काढतो. पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसला होता.

"तुझं खरं होतं," प्राध्यापक म्हणाला. "लाल दिवा नव्हता. मी खोटं बोललो. हा पुरावा. कोर्टात दे, काय हवं ते कर."

ड्रायव्हरने पँटला हात पुसले. पाकीट उघडलं. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने फोटोवर अंगठा टेकवला.

"मग हे काय?"

वळणाच्या टोकाला... लाल रेघ होती. बोटभर लांब, वाकडी. कोणीतरी एकदाच टॉर्च हलवावी, तशी.

"काल नव्हती. मी काल रात्री..." मी अडखळलो. "म्हणजे, त्याने काल रात्री नीट पाहिलं होतं."

नातीने माझ्याकडे पाहिलं.

ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे दिवा होता. तीन वर्षं मी बायकोला, पोरांना शपथेवर सांगत आलो, दिवा नव्हता. होता की. मलाच दिसला नाही."

"अरे बाबा, नव्हता! हलवलीच नाही टॉर्च!"

"साहेब, माझं मन राखायला खोटं बोलू नका. तुम्ही शिकलेली माणसं." त्याने फोटो परत पाकिटात घातला. "घेऊन जा. घरात नको हा."

मग तो पुन्हा ट्यूब बुडवून बसला. बुडबुडे येत नव्हते. तरी बघत होता.

एवढीच गोष्ट. घरी आल्यावर प्राध्यापकाने संगणकावर पुन्हा पाहिलं. तिथे रेघ नव्हती. ती फक्त कागदावर. त्या रेघेने त्याला वाचवलं, की त्याचं तोंड बंद केलं, ते त्याला आजही कळत नाही. त्या ड्रायव्हरला मात्र सिस्टरने... नाही. तिने नाही. तिचं नाव घेऊ नये.

शेवटी जिराफ म्हणाला, "आजोबा, दिवा दिसला की मी हलवणार. फोटो गेला तर गेला."

"शंका आली तरी?"

"शंका आली तरी."

मी ट्रायपॉड काढून दिला. चादरीसकट. ते दाराशी गेले. नात परत आली. खाली वाकून तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आजोबा, तो वळणावरचा माणूस... कोण हो?"

विचारलंन् पोरीने सरळ. इतक्या वर्षांत असं सरळ कोणी विचारलं नव्हतं. जीभ उचलली होती मी, खरंच उचलली होती.

"सांगितलं ना," मी म्हणालो. "ओळखीचा."

तिने हात काढला नाही. मग मीच टेबलाचा खण उघडला आणि पाकीट तिच्या हातात दिलं. रोज दुपारी मी ते एकदा उघडून बघतो. तिने दिव्याखाली फोटो धरला.

"वळणाकडे बघ," मी म्हणालो. "माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. लाल रेघा किती आहेत?"

तिने बोट टेकवून पाहिलं.

"दोन."

दुपारी एकच होती.