नसरीनच्या खोलीतली दुसरी खाट

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत शिरताच हर्षाली मडावीच्या मनगटावरचा पट्टा लाल झाला.

बल्लारपूरच्या कॉलेजात दोन वर्षं संख्याशास्त्र शिकून ती थेट तिसऱ्या वर्षाला या विद्यापीठात आली होती. इथे नव्या मुलींना वसतिगृह दाखवायला नेताना हा 'स्वास्थ्यपट्टा' बांधत; पुढेही तो हातावरच असे आणि दारंही त्यानेच उघडत. खोल्या पाहताना तो नाडी, घाम आणि आवाजातला कंप मोजायचा. त्यावरून कोणी कुठे आणि कोणाबरोबर राहायचं, हे 'निवास' नावाची संगणक-यंत्रणा ठरवायची. ही यंत्रणा आल्यापासून खोल्यांमधली भांडणं जवळपास थांबली होती.

खोलीतल्या एका खाटेवर अंथरूण होतं, दुसरीवर नुसते दगड. भूगर्भशास्त्र शिकणारी नसरीन तांबोळी त्यांना चिठ्ठ्या डकवत बसली होती.

"हात नको लावूस, कोळशाचे नमुने आहेत," ती म्हणाली.

हर्षालीने तोवर एक उचललाही होता. "हा कसला कोळसा? हा तर नुसता काळा दगड. आमच्याकडे खाणीच्या वाटेवर पायाखाली असतो."

"मला शिकवतेस?"

"जाळून बघ ना मग!"

नसरीनने खरंच काडी ओढली. दगड पेटला नाही. तिच्या मुठीतला चिठ्ठ्यांचा कागद मात्र पेटला. दोघींनी मिळून तो बादलीत बुडवला आणि पोट दुखेपर्यंत हसल्या. पट्टा लालच होता.

संध्याकाळी निवासचा निर्णय आला. हर्षालीला 'शांतिकुंज'मध्ये एकटीची खोली मिळाली होती. आवाराच्या पार टोकाला असलेल्या त्या इमारतीच्या भिंती आवाज शोषून घेत. जेवणही दारातल्या खिडकीतून येई. शेजारी कोण राहतं, हे आठवडाभरात तिला कळलं नाही. ज्या एका मुलीला तिने जिन्यात गाठलं, तीही तिच्यासारखीच दुसऱ्या कॉलेजातून आलेली निघाली. "आपल्या सगळ्यांना इथेच ठेवतात," ती म्हणाली. बोलताना तिचा आवाज घोगरा येत होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा.

हर्षाली तशीच वसतिगृहप्रमुख साठ्ये मॅडमकडे गेली.

"मला नसरीनबरोबर राहायचंय, मॅडम."

"अगं, तिच्या खोलीत तुझा ताण किती वाढला होता बघ." मॅडमनी पडदा तिच्याकडे वळवला. "शांतिकुंजमध्ये तुझी नाडी किती छान आहे."

"मी हसत होते, मॅडम. हसताना छाती धडधडतेच की! आणि तिथे नाडी शांत आहे कारण काही घडतच नाही."

"बाहेरून आलेल्या मुलींचं रूममेटशी जमत नाही, असं यंत्रणेचं अनुमान आहे."

"यंत्रणा आल्यापासून आमच्यापैकी एकीला तरी रूममेट दिलीय?"

मॅडम पडद्यावर शोधत राहिल्या. बराच वेळ शोधूनही त्यांना एकही नाव सापडलं नाही.

"ज्यांना कधी एकत्र ठेवलंच नाही, त्यांचं जमत नाही हे तिला कळलं कुठून?" हर्षालीने विचारलं. "तिने पहिल्यांदा अंदाज केला आणि मग तो चुकायची संधीच कोणाला दिली नाही."

"मला हे वर विचारावं लागेल. तोवर नियम मोडलास तर वसतिगृहातली जागा जाईल. तुझं घर इथून किती लांब आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच अशी एकटी पडणार नाही."

शांतिकुंजमधल्या खोलीत परतून तिने पट्टा सोडून टेबलावर ठेवला आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, गादी डोक्यावर घेऊन आवार ओलांडलं. पट्ट्याशिवाय बाहेरून कोणतंच दार उघडत नव्हतं. तिची हाक ऐकून नसरीन खाली आली, तिने आतून दार उघडलं आणि ते मिटू नये म्हणून फटीत एक भला मोठा दगड सरकवला.

"काढून टाकतील तुला," ती म्हणाली.

"येऊ देत काढायला. आधी ती खाट रिकामी कर."

मॅडम आल्या. दारातला दगड त्यांनी पाहिला, पण हलवला नाही. "सहामाही संपेपर्यंत राहा. वर काय ते मी उत्तर देईन," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दोघींचं सगळं गोडीगुलाबीने चाललं असं नाही. नसरीन पहाटे दिवा लावायची आणि हर्षालीला झोप प्यारी होती. एकदा यावरून जुंपली, ती थेट एकमेकींच्या गावापर्यंत गेली. मग अबोला. भिंतीतल्या ध्वनिग्राहकाने भांडण टिपलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी हर्षालीच्या फोनवर निवासचा संदेश आला : 'तणाव वाढला आहे. स्वतंत्र खोली तयार आहे. हवी?'

समोर नसरीन पाठ करून बसली होती. तिच्याही हातात फोन होता; तिलाही तेच विचारलं असणार. हर्षालीने 'नको' दाबलं. क्षणभराने नसरीनचं बोटही हललं. तिने काय दाबलं ते दिसलं नाही, पण ती उठली आणि दोन कपांत चहा ओतू लागली.

तेवढ्यात हर्षालीच्या फोनवर नवा प्रश्न उमटला. आजवर निवासला कोणी नकार दिला नव्हता, त्यामुळे उत्तरासाठी ठरावीक पर्यायही नव्हते. नुसती मोकळी चौकट होती.

'कारण सांगाल का?'

हर्षालीची बोटं अक्षरांवर थबकली. भांडूनही माणसं एका खोलीत का थांबतात, हे फक्त नाडी मोजता येणाऱ्याला कोणत्या शब्दांत सांगायचं?