दाजी, येऊ का?

मिस्त्रींना सुट्टीच्या दिवशी घराबाहेर काढणं म्हणजे गंजलेला खिळा उपटण्यासारखं होतं. पण लेकीला नोकरी लागून महिना झाला होता, आणि तिनं कुणालाही न विचारता तिघांची नावं नोंदवून टाकली होती. शहरापासून अडीच तासांवर दमट, घनदाट जंगल होतं. तिथं उंच झाडांच्या शेंड्याशी मचाणं बांधलेली, आणि एका मचाणापासून दुसऱ्यापर्यंत जाड पोलादी तार. माणसानं कमरेला पट्टे आवळायचे, तारेवरच्या कप्पीला लटकायचं आणि सूं करत पलीकडे जायचं. अशी सात मचाणं.

"तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करतोय," मिस्त्री म्हणाले. "तारेला लोंबकळणाऱ्या वस्तूंवरच आपलं पोट चालतं. आता सुट्टीतही तेच?"

"जाऊ या हो," आतून बायको म्हणाली. "पोरगी एवढं म्हणतेय."

गेल्या तीन वर्षांत बायकोनं कसलाच हट्ट धरला नव्हता. रविवारी सकाळी तिघंही गाडीत बसले.

पोहोचले तेव्हा ऊन होतं. एका शेडमध्ये पट्टे बांधून झाले, डोक्यावर हेल्मेटं आली. वाटाडे दोन होते. एक काटक, कमी बोलणारा, तो सर्वांत आधी जाऊन पलीकडे माणसं उतरवून घेणार. दुसरा जाडसर, हसतमुख, तो शेवटी राहून एकेकाला सोडणार. लेकीनं त्यांना लगेच 'पुढचे' आणि 'मागचे' अशी नावं देऊन टाकली. मिस्त्रींनी सवयीनं प्रत्येक कडी खेचून पाहिली, तार बोटानं चाचपली. तार कोरडी ठणठणीत होती, तेलाचा टिपूसही नव्हता.

"आम्ही तेल लावत नाही काका," मागचा म्हणाला. "तार कोरडीच हवी. आता नियम ऐका. वॉकीटॉकी आहे, पण या हवेत ती दगा देते. म्हणून आपली साधी पद्धत. निघणाऱ्यानं ओरडून विचारायचं, 'येऊ का?' पलीकडून 'ये' आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. 'ये' म्हणणाऱ्यानंही आधी सगळं बघायचं, मगच तोंड उघडायचं. कळलं?"

मायलेकींनी माना हलवल्या. मिस्त्रींनी हलवली नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"उंचीची भीती वाटते की काय?" बायकोनं हसून विचारलं.

उंचीची भीती त्यांना कधीच नव्हती. तीन वर्षांपूर्वी ते एका अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत उभे होते. खाली, लिफ्टच्या खड्ड्याशी, त्यांचा मेहुणा होता. बायकोचा पाठचा भाऊ. मिस्त्रींनीच त्याला हाताखाली घेऊन काम शिकवलेलं. खड्ड्यात पाऊल टाकण्याआधी तो नेहमी वर तोंड करून विचारायचा, आणि त्याची हाक त्या सिमेंटच्या पोकळीतून अकरा मजले चढून वर यायची. "दाजी, येऊ का?" मग मिस्त्रींनी मेन स्विच बंद आहे की नाही हे बघायचं आणि 'ये' म्हणायचं. त्या दिवशी त्यांनी 'ये' म्हटलं. स्विच बघितला नाही, आणि चालू लिफ्ट खाली आली.

चौकशीत त्यांनी सांगितलं, "त्यानं विचारलंच नाही. आपल्या मनानं उतरला." मेलेला माणूस उलटून बोलत नाही. कागदावर 'स्वतःचा निष्काळजीपणा' असा शेरा पडला. तेव्हापासून बायको रडायची कमी आणि भावावर चिडायची जास्त. "स्वतःच्या हातानं मेला," म्हणायची. मिस्त्री ऐकून घ्यायचे.

पहिल्या चार तारा मजेत गेल्या. खाली हिरवा अंधार आणि वर उन्हाचे कवडसे, कुठं तरी पाणी पडल्याचा आवाज. तिसऱ्या मचाणावर उतरताना बायकोची चप्पल निसटून खाली गेली, आणि ती लहान पोरीसारखी खळखळून हसली. लेक बापाकडे बघून डोळे मिचकावत होती.

"आपला हा असता ना," बायको धाप टाकत म्हणाली, "तर माकडासारखा सगळ्यांच्या आधी सुटला असता. विचारायलाही थांबला नसता." मग तिचं हसू विझलं. "शेवटी विचारलं नाही म्हणूनच गेला."

मिस्त्रींनी कमरेचा पट्टा उगाच एक घर घट्ट केला.

सहावी तार सगळ्यांत लांब होती. ते तिथं पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजला असेल, पण ऊन कुणी तरी फुंकर मारून विझवावं तसं गेलं. दरीतून धुकं चढत होतं. घाईगडबड नाही, झाडामागून झाड पुसत सावकाश वर येत होतं. पुढचा गेला. मग बायको विचारून गेली, मग मिस्त्री. ते पलीकडच्या मचाणावर टेकले आणि मागं वळून पाहतात तर आपण जिथून आलो ते झाडच दिसेना. तार दहा-बारा हातांवर धुक्यात शिरत होती आणि तिथंच संपल्यासारखी वाटत होती. लेक आणि मागचा तिकडं होते.

तारेवर एक रबरी ठोकळा असे, त्याला दोर बांधलेला. येणारा माणूस ठोकळ्यावर आदळला की पुढचा वाटाड्या दोर ओढून त्याला थांबवी. मिस्त्री उतरले तेव्हा तो दोर मचाणावरच्या कप्पीत पिळून अडकला.

"जरा थांबा," पुढचा म्हणाला. त्यानं ठोकळा तारेवरून काढून मांडीवर घेतला. "हे सुटेपर्यंत कुणी 'ये' म्हणू नका. आत्ता कुणी आलं तर थेट खोडावर आपटेल."

पाखरं थांबली होती, पाण्याचा आवाजही थांबला होता. जंगलाचा ओला, कुजक्या पानांचा वास कधी गेला ते मिस्त्रींना कळलं नाही. त्याच्या जागी दुसराच वास येत होता... ओलं सिमेंट, कोंडलेली हवा. बंद पोकळीचा वास. ते नाक पुसत राहिले.

आणि धुक्यातून हाक आली.

"दाजी... येऊ का?"

मोठी नव्हती. पण खालून वर, भिंतींवर घासत यावी तशी येत होती. तिकडच्या झाडावरून नाही. खालून.

पुढच्यानं मान वर केली. "हा आमचा माणूस नाही," तो स्वतःशीच म्हणाला.

मिस्त्रींची बायको खोडाला टेकून उभी होती, तिचा पट्टा खोडाच्या साखळीला अडकवलेला. तिचा चेहरा रक्त उतरल्यासारखा पांढरा पडला होता. त्या घरात, त्या नात्यात, मिस्त्रींना 'दाजी' म्हणणारं एकच माणूस होतं.

"दाजी... येऊ का?"

"अहो..." ती म्हणाली. "अहो, हा तर..."

तिसऱ्यांदा तीच हाक आली, तशीच शांत, विश्वासानं विचारलेली, आणि मिस्त्रींच्या आत तीन वर्षं दाबून ठेवलेलं काही तरी तुटलं.

"थांब!" ते दरीत ओरडले. "येऊ नकोस! मेन स्विच चालू आहे! मी बघितलेलं नाही... थांब!"

आवाज धुक्यात गेला आणि परत आला नाही. बायको त्यांच्याकडे बघत होती. डोळे त्यांच्यावरून हलत नव्हते.

"म्हणजे त्यानं विचारलं होतं," ती म्हणाली.

मिस्त्रींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्यांचा हात तारेवर होता, आणि त्या हाताला कळलं. तार थरथरत होती. अगदी बारीक, मग मोठी, मग गुणगुणल्यासारखी. तीस वर्षं तारांवर हात ठेवून जगलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तारेवर वजन आलं होतं. कुणी तरी निघालं होतं.

"ठोकळा!" ते पुढच्याला म्हणाले.

पुढच्यानं ठोकळा तारेवर अडकवला आणि त्यालाच लोंबकळला, पण दोर अजून पिळलेलाच होता. मिस्त्रींनी कप्पीकडचं टोक उपटून काढलं, दोराचा विळखा मनगटाला घेतला आणि मचाणाच्या कठड्याला दोन्ही पाय लावले. धुकं फुटलं. त्यातून लेक आली, पाय वर घेतलेले, तोंडभर हसू. तिला इथलं काहीच माहीत नव्हतं. ती ठोकळ्यावर आदळली. दोर मिस्त्रींच्या तळहातांतून सरकला तेव्हा कातडं जळाल्याचा वास त्यांना स्वतःला आला. तरी त्यांनी सोडलं नाही. दोरानं त्यांना कठड्यावरून पुढं ओढलं, कमरेचा पट्टा ताणला, खांद्यात काही तरी कटकन मोडलं. लेक खोडापासून हातभर अंतरावर थांबली.

थोड्या वेळानं मागचा आला. धुकं विरत होतं. मिस्त्रींच्या हातांना फडकी गुंडाळत पुढच्यानं त्याला फैलावर घेतलं. "मी 'ये' म्हटल्याशिवाय तू पोरीला सोडलंसच कसं?"

"तुझा नव्हे, काकांचा आवाज आला," मागचा म्हणाला. तो आता हसत नव्हता. "स्पष्ट. 'ये.' मला वाटलं, तू कामात आहेस म्हणून काकांना ओरडायला सांगितलंस."

"पण मी विचारलंच नव्हतं अजून," लेक म्हणाली. ती बापाच्या दंडाला धरून उभी होती. "बाबा, तुम्ही आपण होऊनच 'ये' म्हणालात. तीनदा."

"मी 'थांब' म्हणालो," मिस्त्री म्हणाले.

"हो, 'थांब'च म्हणाले," बायको म्हणाली. एवढंच. तिथून शिडीनं खाली उतरेपर्यंत, दवाखान्यात आणि परतीच्या अडीच तासांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर लेक झोपायला गेली, तेव्हा ती स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर येऊन बसली. मिस्त्रींचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत होते, त्यामुळे पाण्याचा पेला तिनंच त्यांच्या ओठांना लावला. मग म्हणाली, "आता सांगा."

त्यांनी सांगितलं. काहीही हातचं राखलं नाही. स्विच, 'ये', चौकशीतलं खोटं. शेवटी ती म्हणाली, "तीन वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. तुमच्यासमोर. आणि तुम्ही ताटावर बसून जेवत राहिलात."

मंगळवारी मिस्त्री कंपनीत गेले. हातानं लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं आणि कारकुनानं लिहिलं. खाली अंगठ्याच्या टोकानं कशीबशी सही केली. त्यांना कामावरून कमी केलं, पुढं खटलाही उभा राहील असं साहेब म्हणाले. मेहुण्याच्या नावापुढचा शेरा मात्र खोडला गेला. त्या कागदाची नक्कल घेऊन बायको स्वतः आपल्या भावजयीकडे गेली आणि चार दिवस तिथंच राहिली. परत येईल की नाही, हे मिस्त्रींनी लेकीला विचारलं नाही. पाचव्या दिवशी ती आली. पिशवी कोपऱ्यात ठेवून भांडी घासायला बसली. झालं ते झालं, असं ती म्हणाली नाही. पण आली.

तिनं धुण्याला हात घातला तेव्हा दवाखान्यातून आणलेली ती प्लॅस्टिकची पिशवी निघाली. जंगलातल्या दिवसाचा मिस्त्रींचा शर्ट तिच्यात तसाच कोंबलेला होता. तिनं तो झटकून उन्हात धरला आणि तशीच उभी राहिली.

"इकडं या जरा," ती म्हणाली.

शर्टाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, दोन पंजे उमटले होते. काळ्या ग्रीसचे. लिफ्टच्या मशीनला लावतात त्या दाट ग्रीसचे.

मिस्त्रींना आठवलं. दोर त्यांना कठड्यावरून ओढत होता, त्या क्षणी पाठीवर कुणाचे तरी हात होते. पुढच्यानं धरलं असेल, असं तेव्हा वाटलं होतं. पण पुढचा ठोकळ्याला लोंबकळत होता, त्यांच्या डोळ्यांसमोर. बायको खोडाशी बांधलेली होती.

"त्यानं मला सांभाळलं," मिस्त्री म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले. "पडू दिलं नाही मला. बघ ना... धरून ठेवलं त्यानं."

बायकोनं आपला हात त्या डागाजवळ नेला, पण लावला नाही. नुसता वर धरून बघत राहिली. ठशांतली दहाही बोटं फाकलेली होती. तळव्यांचा ठसा सगळ्यांत गडद होता. ठशांत कुठंही चुणीची रेघ नव्हती.

"धरणारा मूठ वळतो," ती हळूच म्हणाली. "हे हात सपाट आहेत."